गळ, होडी आणि जलरंगांची पेटी

उतारवयात माणसाच्या हातून एकेक गोष्ट काढून घेतली जाते. प्रथम दुचाकी, मग एकट्याने केलेला प्रवास, त्यानंतर पहाटेचे फिरणे, आणि अखेरीस दारापलीकडचे सारे जग. यातील बहुतेक बंधने प्रेमापोटीच घातलेली असतात. दवाखान्यात वृद्ध रुग्णाला घेऊन येणारी मुले-सुना मला हमखास एक प्रश्न विचारतात : ‘डॉक्टर, आता यांना घराबाहेर सोडायचे ना?’ रुग्ण शेजारीच बसलेला असतो. पण त्याला त्याच्या मनातले विचारण्याचे सहसा कुणाला सुचत नाही. या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही. ते नीट उलगडावे म्हणून आज मी वाचकांना एका चित्रकाराची ओळख करून देणार आहे. त्याचे सारे आयुष्य उघड्या आभाळाखाली, नदी-सरोवरांच्या काठी गेले. बहात्तराव्या वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि त्यानंतरही तो पुन्हा रानात गेला.

त्या चित्रकाराचे नाव विन्स्लो होमर. अमेरिकेच्या कलेतिहासात त्यांचे स्थान अग्रभागी आहे. समुद्राची त्यांची चित्रे विशेष गाजली. मात्र त्यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदाने, म्हणजे मासेमारी, शिकार आणि रानातील भटकंतीने, त्यांच्या कलेला व प्रकृतीला काय दिले, हा विषय आपल्याकडे फारसा परिचित नाही.

मालक नको असलेला मुलगा

होमर यांचा जन्म २४ फेब्रुवारी १८३६ रोजी बॉस्टन येथे झाला. बालपण शेजारच्या केंब्रिज गावात गेले. तेव्हा ते गाव खेडेवजाच होते; तळी, ओढे, कुरणे जवळ होती आणि मासे धरण्याचा नाद मुलांना तिथेच लागला. वडील चार्ल्स सॅव्हेज होमर हे लोखंडी सामानाचे व्यापारी. आई हेन्‍रिएटा स्वतः फुलापानांची सुरेख जलरंगचित्रे काढीत असे. विन्स्लो हे तीन भावांपैकी मधले. थोरला चार्ल्स, धाकटा आर्थर. थोरल्या भावाशी त्यांचे असलेले सख्य आयुष्यभर टिकले. त्याचा उल्लेख पुढे वारंवार येईल.

एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास वडिलांनी त्यांना बॉस्टनमधील एका शिळाछापखान्यात उमेदवार म्हणून लावले. गाण्यांच्या पुस्तकांची मुखपृष्ठे आणि तसलीच किरकोळ कामे दिवसभर बसून करावी लागत. विन्स्लो यांना ते जिणे गुलामीसारखे वाटले. एकविसाव्या वर्षी उमेदवारी संपली त्या दिवसापासून आपण कुणालाही मालक म्हणून पत्करायचे नाही, असा निश्चय त्यांनी केला व तो पाळला. ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकासाठी ते चित्रे काढीत, पण पगारी नोकरी त्यांनी स्वीकारली नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात त्यांनी सैनिकांच्या छावण्या जवळून पाहिल्या व रेखाटल्या. १८६६ सालच्या ‘आघाडीवरील युद्धकैदी’ या तैलचित्राने त्यांचे नाव झाले.

१८७० साली ते प्रथम न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील ॲडिरॉन्डॅक पर्वतराजीत गेले. दाट अरण्ये, असंख्य सरोवरे, थंडगार ओढे आणि त्यांत ट्राउट जातीचे मासे असा तो प्रदेश आहे. त्या रानाने त्यांना धरून ठेवले ते चाळीस वर्षे.

रानातील सवंगडी

ॲडिरॉन्डॅकमधील मिनर्व्हा गावाजवळ शिकार व मासेमारीच्या शौकिनांनी एक संस्था स्थापन केली होती. पुढे ती ‘नॉर्थ वूड्स क्लब’ या नावाने ओळखली जाऊ लागली. १८८८ साली होमर तिचे सभासद झाले. लाकडी ओंडक्यांच्या साध्या घरांत सभासद उतरत. सोबतीला स्थानिक वाटाडे असत. ऋतू पाहून होमर तिथे येत, कधी वसंतात, कधी पानगळीच्या दिवसांत. सकाळी गळ टाकीत, दुपारी चित्र काढीत, कधी याच्या उलट. या रानाची त्यांनी ऐंशीहून अधिक जलरंगचित्रे केली.

या क्लबातील इतर सभासद शहरातील सुखवस्तू मंडळी होती. होमर यांनी आपल्या चित्रांत मात्र मुख्य स्थान दिले ते वाटाड्यांना. १८७७ सालच्या ‘दोन वाटाडे’ या तैलचित्रात पांढऱ्या दाढीचा ओर्सन फेल्प्स तरुण सोबत्याला डोंगर दाखवीत उभा आहे. १८९४ सालच्या ‘ॲडिरॉन्डॅकचा वाटाड्या’ या जलरंगचित्रात रूफस वॉलेस हा म्हातारा होडीत एकटाच बसून काठावरील झाडांकडे पाहत आहे. मायकेल फ्लिन हा तरुण वाटाड्याही अनेक चित्रांत भेटतो. वाकलेला पण चिवट म्हातारा आणि त्याच्या शेजारी उमदा तरुण, ही जोडी होमर यांनी पुनःपुन्हा रंगवली. त्या चित्रांतील म्हातारा कुणावर ओझे होऊन बसलेला नाही. वाट त्याला ठाऊक आहे, आणि तरुण त्याचे ऐकतो आहे.

वैद्यकीय दृष्टीने मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. एकाकीपणा हा केवळ मनाचा विषय नाही. दीर्घकाळ एकाकी राहणाऱ्या वृद्धांमध्ये हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांचे प्रमाण अधिक आढळते, असे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. ज्याला एकाकी वाटते, त्याला ‘लोकांत मिसळा’ असे नुसते सांगून काही उपयोग होत नाही. माणसे एकत्र येतात ती सहसा एखाद्या कामाच्या निमित्ताने. होमर अबोल स्वभावाचे होते. त्यांनी लग्न केले नाही, आणि उत्तरायुष्यात तर माणूसघाणे म्हणून त्यांची ख्याती झाली. तरीही होडीत तासन्‌तास दुसऱ्या माणसासोबत न बोलता बसणे त्यांना साधत असे. गळाच्या टोकाकडे दोघांचे लक्ष असले की संभाषणाची सक्ती उरत नाही. घरातील वृद्ध पुरुष ‘कुणाशी बोलतच नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. बोलण्यापेक्षा हाताला एक सामायिक काम देणे पुष्कळदा सोपे जाते.

हातातील कसब

जलरंग हे उतावळे माध्यम आहे. कागद ओला असतो तोवर हात चालवावा लागतो, आणि चूक झाली तर ती तैलरंगाप्रमाणे झाकता येत नाही. होमर उघड्यावर बसून झपाट्याने काम करीत. मासेमारीच्या चित्रांत त्यांची एक युक्ती प्रसिद्ध आहे. हवेत फेकलेल्या गळाची दोरी दाखवायची असली की ते रंग वाळलेल्या कागदावर धारदार पात्याने एकच बारीक रेघ ओरखडीत. रंगाखालचा पांढरा कागद उघडा पडे आणि सरोवराच्या गर्द छायेवर दोरी चमकू लागे. गळ फेकण्याचा अनुभव ज्याच्या मनगटात मुरलेला आहे, त्यालाच ती वळणदार रेघ एका हिसक्यात साधेल.

गळ फेकणे म्हणजे नुसते बळ नव्हे. ओढ्यातील ट्राउटसाठी पिसांची बनवलेली नकली माशी दोरीच्या टोकाला बांधतात आणि ती पाण्यावर अलगद उतरवावी लागते. नजर, मनगट, खांदा, कमरेचा तोल आणि पायांची बैठक यांचा मेळ त्यात लागतो. आज वृद्धांच्या व्यायामात आम्ही याच गोष्टींवर भर देतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की पासष्टीनंतर आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम आणि शिवाय आठवड्यातून तीन वा अधिक दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. औषधाप्रमाणे गिळलेला व्यायाम फार दिवस टिकत नाही, हे प्रत्येक डॉक्टर जाणतो. आवडीच्या कामात दडलेला व्यायाम मात्र टिकतो. बागेतली कुदळ, नदीकाठची चाल, बाजारहाट, हार्मोनियमच्या भात्याची हालचाल ही त्याचीच रूपे आहेत.

सकाळच्या उजेडाचाही येथे उल्लेख करायला हवा. शरीरातील घड्याळ दिवसाच्या प्रकाशावर चालते. दिवसभर पडदे ओढलेल्या खोलीत बसणाऱ्या वृद्धाला रात्री झोप येत नाही, मग झोपेची गोळी सुरू होते, गोळीने तोल जातो आणि रात्री लघवीला उठताना पडणे होते. ही साखळी तोडण्याचा सर्वात साधा उपाय म्हणजे सकाळी अर्धा-पाऊण तास बाहेरच्या उजेडात घालवणे.

वडिलांच्या शेजारी चौदा वर्षे

१८८३ साली होमर न्यूयॉर्क शहर सोडून मेन राज्यातील प्राउट्स नेक या समुद्रात शिरलेल्या खडकाळ भूशिरावर राहू लागले. कुटुंबाची घरे तिथे होती. कुटुंबाच्या गाडीखान्याचे रूपांतर करून त्यांनी आपली चित्रशाळा थाटली व तिला समुद्राकडे तोंड करणारा प्रशस्त सज्जा काढला. ही वास्तू आज पोर्टलंड कलासंग्रहालयाच्या ताब्यात आहे व २०१२ पासून लोकांना पाहण्यास खुली आहे.

१८८४ साली आई वारली. त्यानंतर वडील १८९८ साली, नव्वदीला टेकले असताना वारले. मधली चौदा वर्षे हा अविवाहित मुलगा वडिलांच्या जवळपास राहिला. म्हातारबुवा हट्टी, विक्षिप्त आणि काटकसरी होते. तीन दिवस त्यांच्या सहवासात राहिले की आपण इतके त्यांच्यासारखे होतो की भीती वाटू लागते, अशा आशयाचे एक मिस्कील पत्र होमर यांनी आपल्या वहिनीला लिहिले होते. वृद्ध आईवडिलांची शुश्रूषा करणाऱ्या माझ्या अनेक वाचकांना त्या ओळीवर हसू येईल आणि थोडे चरकायलाही होईल.

याच चौदा वर्षांत होमर यांची रानातील सर्वोत्तम चित्रे झाली, ही गोष्ट शुश्रूषकांनी लक्षात ठेवावी. वडिलांसाठी ते जवळ राहिले, पण वर्षातून काही आठवडे गळ व रंगांची पेटी घेऊन ॲडिरॉन्डॅकला जाणे त्यांनी सोडले नाही. १८९३ साली थोरल्या भावासह ते कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या तुरिली क्लबाचे सभासद झाले. हिवाळ्यात कधी फ्लोरिडा, कधी बहामा बेटे गाठली. वडिलांचा भार एकट्यावर नव्हता. इतर भाऊही प्राउट्स नेकला येऊन राहत. आपल्याकडे शुश्रूषा करणारी व्यक्ती, विशेषतः सून किंवा लेक, चार दिवस बाहेर गेली तर तिच्यावर बेजबाबदारपणाचा शिक्का बसतो. दवाखान्यात मी पाहतो ते असे की, रुग्णाच्या शेजारी बसलेल्या त्या बाईचाच रक्तदाब कित्येकदा अधिक असतो. शुश्रूषकाला ठरावीक मुदतीने हक्काची रजा मिळाली पाहिजे. घरातील भावंडांनी तिचे वेळापत्रक आधीच कागदावर लिहून ठेवावे. ‘जमेल तसे पाहू’ म्हटले की ती रजा कधीच येत नाही.

शिकारीची दुसरी बाजू

होमर शिकारीच्या मोहिमांत वावरले, पण ते स्वतः बंदुकीपेक्षा गळातच अधिक रमत. त्या काळी ॲडिरॉन्डॅकमध्ये हरणांच्या शिकारीची एक पद्धत रूढ होती. कुत्री हरणाचा पाठलाग करून त्याला सरोवरात उतरायला लावीत, आणि होडीत टपून बसलेला शिकारी पोहणाऱ्या थकल्या जनावराला गाठी. पुढे न्यूयॉर्क राज्यात कायद्याने ही पद्धत बंद झाली. १८९२ सालच्या ‘कुत्रा आणि शिकारी’ या तैलचित्रात होमर यांनी हे दृश्य कोणताही गौरव न करता मांडले. पाण्यात हरीण, होडीत आडवा पडून त्याला धरणारा पोरगेला शिकारी, आणि त्याच्याकडे पोहत येणारा कुत्रा. त्याच वर्षीच्या ‘अचूक नेम’ या जलरंगात गोळी लागलेला काळवीटासारखा उमदा नर आपल्याकडे तोंड करून कोसळतो आहे. शिकारी म्हणजे दूरवर धुराचा एक लहानसा पुंजका एवढाच. पाहणारा नकळत जनावराच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण शिकाऱ्याच्या अंगी असलेले गुण, म्हणजे स्थिर बसणे, कान टवकारून ऐकणे, पावलांचे ठसे ओळखणे, पक्ष्याच्या उड्डाणावरून त्याची जात सांगणे, हे दुर्बिणीने वा वहीच्या आधाराने आजही कमावता येतात. पक्षिनिरीक्षण हा साठीनंतर सुरू करता येण्याजोगा उत्तम छंद आहे. त्यात चालणे होते, मान वळते, स्मरणशक्तीला खाद्य मिळते आणि पहाटे उठण्यासाठी निमित्त मिळते.

बहात्तराव्या वर्षीचा झटका

१९०८ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर होमर यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. बोलण्यावर आणि स्नायूंच्या नियंत्रणावर त्याचा परिणाम झाला. त्या काळचे वैद्यक आठवून पाहावे. रक्तदाब मोजण्याचे पट्ट्याचे उपकरण १८९६ साली निघाले होते, आणि दंडावर नळी ठेवून आवाज ऐकण्याची रीत १९०५ साली रशियन शल्यचिकित्सक कोरोत्कोव्ह यांनी सांगितली होती. रक्तदाब कमी करणारी परिणामकारक औषधे यायला अजून काही दशके होती. गुठळी विरघळवणारे औषध नव्हते, मेंदूचे छायाचित्र घेण्याची सोय नव्हती, भौतिकोपचाराचे आजच्यासारखे शास्त्र नव्हते. विश्रांती, कुटुंबाची साथ आणि रुग्णाची जिद्द एवढेच भांडवल.

होमर सावरले. त्याच उन्हाळ्यात ते पुन्हा नॉर्थ वूड्स क्लबात आले. आपल्याला पूर्वीसारखे सारे काही करता येते, फक्त गेली वीस वर्षे जशी गळपट्ट्याची गाठ बांधत आलो तशी ती बांधता येत नाही, अशा अर्थाचे पत्र त्यांनी भावाला लिहिले. हे वाक्य पक्षाघाताच्या रुग्णांचे खरे दुखणे सांगते. चालणे परत येते, बोलणे परत येते. पण सदऱ्याचे बटण, साडीची निरी, चष्म्याच्या घराची चाप, पेनाची पकड अशा बारीक कामांत हात मागे राहतो. घरची मंडळी म्हणतात, ‘आता तर ते अगदी बरे आहेत.’ रुग्ण मात्र रोज सकाळी आरशासमोर उभा राहून हरत असतो.

१९०९ साली होमर यांनी ‘राइट अँड लेफ्ट’ हे तैलचित्र पुरे केले. ते आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. खवळलेल्या राखाडी समुद्रावर दोन रानबदके हवेत आहेत. एक कोसळत आहे, दुसरे उडण्याच्या वा पडण्याच्या क्षणी थबकलेले आहे. दूर लाटेवर एक होडी आणि बंदुकीच्या नळीतून निघालेली ठिणगीएवढी तांबडी ज्वाळा. दुनळी बंदुकीच्या उजव्या व डाव्या बाराने लागोपाठ दोन पक्षी टिपणे, असा या नावाचा शिकाऱ्यांच्या बोलीतील अर्थ आहे. हे नाव स्वतः चित्रकाराने दिले नव्हते. चित्र पाहून एका शौकिनाने काढलेल्या उद्गारावरून ते पडले, असे सांगतात. आयुष्यभर ज्या बाजूने बंदूक धरली जाते ती बाजू पाहिलेल्या या माणसाने, स्वतःवर एक बार होऊन गेल्यावर, बंदुकीच्या समोर उभे राहून चित्र काढले. अमेरिकन चित्रकलेतील थोर कृतींत त्याची गणना होते, आणि गळपट्ट्याची गाठ नीट न बसणाऱ्या हातांनी ते रंगवले आहे.

घरच्या मंडळींनी काय करावे?

पक्षाघाताच्या बाबतीत पहिली गोष्ट वेळेची. चेहरा एका बाजूला झुकणे, एक हात वा पाय लुळा पडणे, शब्द अडखळणे, एकाएकी तोल जाणे किंवा दिसेनासे होणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच घड्याळ पाहावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूच्या छायाचित्राची सोय असलेलेच रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन योग्य रुग्णांना लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देता येते, आणि जितके लवकर तितका लाभ अधिक. पाणी, चहा, गोळी असे काहीही तोंडावाटे देऊ नये; गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते. लक्षणे दहा मिनिटांत आपोआप गेली तरीही रुग्णालयात जावेच.

त्यानंतर पुनर्वसन. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. पण त्यानंतरही सुधारणा होत राहते, म्हणून सराव सोडू नये. जे काम परत यायला हवे त्याच कामाचा पुनःपुन्हा सराव करणे उपयोगी ठरते. चेंडू दाबण्यासोबत बटणे लावण्याचा, पोळीचा तुकडा मोडण्याचा, कुंचला धरण्याचा सराव हवा. वेळ लागला तरी काम रुग्णाला स्वतः करू द्यावे. आपण पुढे होऊन बटण लावतो तेव्हा पाच मिनिटे वाचतात, आणि सरावाची एक संधी जाते.

पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. रडणे, चिडणे, व्यायामाचा कंटाळा, जुन्या छंदाचे नावही नको वाटणे ही त्याची लक्षणे असतात. ‘मनाला लावून घेऊ नका’ हा त्यावरचा इलाज नव्हे. डॉक्टरांना सांगावे, त्यावर औषधे आहेत आणि ती लागू पडतात.

आता मुळातल्या प्रश्नाकडे येऊ : बाहेर सोडायचे का? होमर झटक्यानंतर रानात गेले ते ओळखीच्या जागी, ओळखीच्या माणसांत. तिथली होडी, ओढा, वाटाडे सारे वीस वर्षांच्या परिचयाचे होते. यातच उत्तर आहे. नव्या, अनोळखी साहसाला मी संमती देणार नाही. पण जुन्या, परिचित जागी सोबतीसह जायला बहुतेक रुग्णांना हरकत नसते. निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून फिट्स, रक्तदाब, हृदयाची गती व नजर यांची खात्री करून घ्यावी, आणि पुढील पथ्ये पाळावीत.

नदी, तळे वा समुद्रकाठी एकट्याने जाऊ नये. होडीत बसायचे तर तरंगणारे जाकीट अंगात घालावेच, उत्तम पोहता येत असले तरीही. पायांत न घसरणारे, टाच बंद असलेले जोडे असावेत. बसायला पाठ व हात टेकता येतील अशी घडीची खुर्ची न्यावी. जमिनीवरून उठतानाच अधिक माणसे पडतात. मधुमेह असल्यास साखर वा गोळ्या खिशात ठेवाव्यात आणि जेवणाची वेळ चुकवू नये. लघवीला वारंवार जावे लागते म्हणून पाणी पिणे टाळण्याची सवय वृद्धांत फार असते. उन्हात ती घातक ठरते. औषधांची यादी व घरचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून खिशात असावा.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी गळाचा काटा व चाकू सांभाळून वापरावा. जखम झाल्यास स्वच्छ कपड्याने न उघडता दहा मिनिटे घट्ट दाबून धरावी. काटा खोल रुतला असेल तर ओढून काढू नये. त्याला उलटे दात असतात. दवाखान्यात यावे, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख विचारून घ्यावी. चित्रे काढणाऱ्यांनी कुंचल्याचे टोक ओठांनी ओले करण्याची सवय सोडावी, कारण काही रंगांत विषारी धातू असतात. दमा असणाऱ्यांनी टर्पेंटाइनच्या वासापासून दूर राहावे. त्यांच्यासाठी जलरंगच बरे. हात थरथरत असेल तर कुंचल्याच्या दांड्याला कापडी पट्टी गुंडाळून तो जाड करावा आणि कोपर टेबलावर टेकवावे.

भावाची सोबत

होमर यांचे एक मोठे तैलचित्र अपुरे राहिले. क्वेबेकमधील सागने नदीच्या फेसाळत्या धावत्या पाण्यातून एक होडी निघाली आहे. पुढे-मागे दोन वाटाडे वल्ही मारीत आहेत आणि मध्ये त्यांचा थोरला भाऊ चार्ल्स होडीच्या कडा धरून बसला आहे. १९०५ साली सुरू केलेल्या या चित्राला ते अखेरपर्यंत पूर्ण करू शकले नाहीत. होमर यांच्या निधनानंतर भावाने ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दिले.

१९१० पर्यंत होमर ॲडिरॉन्डॅकला जात राहिले. त्याच वर्षी उन्हाळ्यात ते आजारी पडले आणि २९ सप्टेंबर १९१० रोजी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, प्राउट्स नेक येथील आपल्या चित्रशाळेत त्यांचे निधन झाले. समुद्राचा आवाज येणारी ती जागा सोडून ते अन्यत्र गेले नाहीत. चार्ल्स तेव्हा शहात्तर वर्षांचे होते.

त्यांची शेवटची दोन वर्षे जोखमीची होती, यात शंका नाही. आजची औषधे असती तर कदाचित ती अधिक लांबली असती. म्हणून रक्तदाबाची गोळी रोज घ्या, हे मी प्रत्येक रुग्णाला बजावतो. पण त्या दोन वर्षांत काय भरावे हे गोळी ठरवीत नाही. ते रुग्णाने सांगायचे असते आणि घरच्यांनी ऐकायचे असते. पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा आपल्या वृद्धांना आधी घरीच विचारून या : तुम्हांला कुठे जावेसे वाटते, आणि कुणाबरोबर? उत्तर घेऊन आलात, की तिथे सुरक्षितपणे कसे जायचे हे आपण तिघे मिळून ठरवू.